सेव्ह दाबलं, मेसेज आला, पण डेटा गेला कुठे? टेबलअपडेटची कायमची डोकेदुखी

युजरची तक्रार नेहमी एकाच वाक्याने सुरू होते, "मी सेव्ह केलं होतं." आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा तो खरंच बोलत असतो. बटण दाबलेलं असतं, "रेकॉर्ड सेव्ह झालं" असा मेसेज आपल्याच प्रोग्रॅमने दाखवलेला असतो, स्क्रीनवर नवा आकडा दिसत असतो, आणि फॉर्म बंद करून परत उघडला की तिथे जुनाच आकडा बसलेला. कधी अख्खं बिल गायब, कधी बिलाचा वरचा भाग शाबूत आणि खालच्या आयटमच्या सात ओळींपैकी एकच ओळ शिल्लक, कधी एका मशीनवर दिसतंय आणि शेजारच्या मशीनवर नाही. आपण आपल्या मशीनवर करून बघतो तर सगळं व्यवस्थित चालतं, मग आपण म्हणतो नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

हे मी व्हिज्युअल फॉक्सप्रोबद्दल, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस ॲप्लिकेशनं लिहायच्या जुन्या भाषेबद्दल लिहितोय. हो, अजून चालतंय. बफरिंग, म्हणजे बदल लगेच डिस्कवर न लिहिता आधी मेमरीत धरून ठेवणं, त्यात १९९५ साली व्हर्जन ३.० बरोबर आलं, शेवटचं व्हर्जन ९ हे २००४ चं, सपोर्ट २०१५ च्या जानेवारीत संपला, पण त्यात लिहिलेली ॲप्लिकेशनं काही संपली नाहीत आणि ती सांभाळणारे आपण आहोतच. कमांड आणि फंक्शनची नावं खाली देवनागरीत लिहिलीत, एडिटरमध्ये अर्थातच नेहमीसारखी टाइप करायची. दुसऱ्या कशात काम करणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, नावं वेगळी असतात पण भानगड हीच असते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, म्हणजे शोधाशोध अर्धी होईल. युजरने टाइप केलेला आकडा डिस्कवर जाईपर्यंत बरेच थांबे घेतो. पहिल्यांदा तो टेक्स्टबॉक्सच्या व्हॅल्यूमध्ये असतो, तिथून कर्सरच्या (प्रोग्रॅममध्ये उघडलेल्या टेबलच्या) बफरमध्ये येतो, व्ह्यू (मूळ टेबलांवरच्या क्वेरीचा निकाल) असेल तर व्ह्यूच्या बफरमधून बेस म्हणजे मूळ टेबलकडे जातो, बेस टेबललाही बफर असेल तर तिथे थांबतो, ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र पक्के किंवा एकत्र रद्द करायचा गट) चालू असेल तर ते संपेपर्यंत थांबतो, आणि मग डिस्क किंवा सर्व्हर. यातल्या कुठल्याही थांब्यावर तो अडकू शकतो आणि स्क्रीनकडे बघून ते कधीच कळणार नाही, कारण स्क्रीन तुम्हाला बफरमधलंच दाखवते. म्हणून "सेव्ह होत नाही" असा प्रश्न घेऊन बसू नका, आकडा कुठल्या थांब्यावर बसून राहिलाय तेवढं शोधा.

आता सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण, आणि मी स्वतः हे वर्षानुवर्षं केलंय. सेव्हच्या बटणात नुसतं टेबलअपडेट() लिहिलेलं असतं आणि त्याच्या खालच्याच ओळीत "सेव्ह झालं" चा मेसेजबॉक्स. टेबलअपडेट हे फंक्शन आहे, ते ट्रू किंवा फॉल्स परत देतं, आणि जमलं नाही तर बहुतेक वेळा कुठलाही एरर न दाखवता गुपचूप फॉल्स देऊन मोकळं होतं. ऑन एरर, म्हणजे एरर आल्यावर चालणारा कोड, लावलेला असला तरी तो चालत नाही. ट्राय-कॅच व्हर्जन ८ मध्ये आलं तेव्हा आम्ही उत्साहाने सगळे सेव्ह ट्रायमध्ये गुंडाळले आणि आता काही सुटणार नाही असं समजून बसलो, पण फॉल्स हा काही एक्सेप्शन नाही, कॅचमध्ये काय येणार, कपाळ! तेव्हा आधी एवढं करा:

इफ नॉट टेबलअपडेट(१, .एफ., "ओळी")
    एएरर(चूक)
    मेसेजबॉक्स(ट्रान्सफॉर्म(चूक[१,१]) + " " + चूक[१,२])
एंडइफ

एएरर लगेच पुढच्या ओळीत हवं, मध्ये दुसरं काही करायचं नाही, नाहीतर दुसऱ्याच कुठल्या तरी एररची माहिती हातात येते. पहिल्या खान्यात एररचा नंबर, दुसऱ्यात मजकूर, आणि ट्रिगर (रेकॉर्ड बदलताना आपोआप चालणारा टेबलचा कोड) फेल झाला असेल तर पाचव्यात कुठला ते, १ म्हणजे इन्सर्ट, २ अपडेट, ३ डिलीट. माझ्या अनुभवात एवढ्या चार ओळी टाकल्यावर निम्म्या केसेस तिथल्या तिथे मिटतात, कारण आता निदान कळतं तरी की १५८१ आलाय, म्हणजे एखाद्या फील्डला नल चालत नाही, किंवा १५८२ नाहीतर १५८३ आलाय, म्हणजे फील्डचा किंवा रेकॉर्डचा व्हॅलिडेशन रूल आडवा आलाय, किंवा १५३९ म्हणजे ट्रिगर.

त्या "सातपैकी एकच ओळ" वाल्या केसचं काय? ती बघा. टेबलअपडेटला काहीच दिलं नाही तर पहिला पॅरामीटर ० धरला जातो आणि ० म्हणजे फक्त चालू रेकॉर्ड. टेबल बफरिंग असताना सात ओळी बफरमध्ये आहेत, पॉइंटर शेवटच्या ओळीवर आहे, तुम्ही नुसतं टेबलअपडेट() म्हणालात, शेवटची ओळ गेली, ट्रू आलं, मेसेज आला, फॉर्म बंद झाला, उरलेल्या सहा ओळी बफरबरोबर वाहून गेल्या. टेस्टिंग करताना आपण एकच ओळ टाकून बघतो म्हणून आपल्या मशीनवर कायम चालतं! १ दिलं की सगळी रेकॉर्डं जातात, पण पहिली चूक आली की तिथेच थांबतं, आणि त्याच्या आधीची गेलेली ती गेलेलीच राहतात. २ दिलं की चूक आली तरी पुढे जात राहतं आणि न गेलेल्या रेकॉर्डांचे नंबर चौथ्या पॅरामीटरच्या ॲरेमध्ये देतं. बिलासारख्या गोष्टीला २ कधी वापरू नका असं माझं मत, अर्धं बिल सेव्ह करून कुणाचं भलं होणार आहे.

त्याच ओळीतली दुसरी खोड म्हणजे एलियास, म्हणजे उघडलेल्या टेबलचं नाव, न देणं. एलियास दिला नाही तर जो वर्क एरिया (टेबल उघडायची जागा) निवडलेला आहे त्यावर अपडेट होतं. मधल्या कुठल्या तरी फंक्शनने सिलेक्ट करून ग्राहकांचं टेबल पुढे आणून ठेवलं आणि परत जागेवर नेलं नाही, की तुमचं टेबलअपडेट ग्राहकांच्या टेबलवर चालतं, तिथे बदललेलं काहीच नसतं, आणि ट्रू येतं. रिटर्न व्हॅल्यू तपासूनही फसायचं असेल तर हा रस्ता. म्हणून तिन्ही पॅरामीटर कायम लिहायचे, आळस नको.

बरं, बफरिंगचा मोड नक्की कुठला आहे हे तरी आपल्याला माहीत असतं का? कर्सरगेटप्रॉप("बफरिंग") विचारून बघा. १ आलं तर बफरिंगच नाही, २ आणि ३ म्हणजे रो बफरिंग, ४ आणि ५ म्हणजे टेबल बफरिंग, यात २ आणि ४ पेसिमिस्टिक म्हणजे हात लावल्याबरोबर लॉक, ३ आणि ५ ऑप्टिमिस्टिक म्हणजे लॉक फक्त सेव्ह करताना. व्ह्यूला ३ आणि ५ एवढेच चालतात आणि काही सांगितलं नाही तर ३. फॉर्मच्या बफरमोडमध्ये ऑप्टिमिस्टिक निवडून डेटा एन्व्हायर्नमेंटवर सोडलं तर फॉक्सप्रो स्वतः ठरवतो, ग्रिडला जोडलेल्या टेबलला टेबल बफरिंग आणि बाकीच्यांना रो बफरिंग. म्हणजे एकाच फॉर्ममध्ये बिलाचा हेडर रो बफरमध्ये आणि ओळी टेबल बफरमध्ये. रो बफरिंगमध्ये रेकॉर्ड पॉइंटर हलला की बदल आपोआप सेव्ह होतो, सीक केलं, लोकेट केलं, स्किप केलं, काहीही, त्यामुळे युजरने "रद्द" दाबूनही हेडर सेव्ह झालेला असतो आणि ओळी नसतात, आणि मग रिपोर्टमध्ये शून्य आयटमची बिलं निघतात आणि सगळे एकमेकांकडे बघत बसतात. मी आता सरळ सगळीकडे ५ लावतो, स्वतःच्या हाताने, कर्सरसेटप्रॉपने. त्याला सेट मल्टिलॉक्स ऑन लागतं, आणि ही सेटिंग प्रत्येक डेटा सेशनची (उघडलेल्या टेबलांच्या स्वतंत्र संचाची) वेगळी असते, मुख्य प्रोग्रॅममध्ये एकदा लावली आणि प्रायव्हेट डेटा सेशनचा फॉर्म उघडला की तिथे ती परत ऑफ. फॉर्मच्या लोडमध्ये लावा. आणि १५८६ आला तर समजायचं की ज्या टेबलला अपडेट करायला निघालात त्याला मुळात बफरिंगच लागलेलं नाही.

आता थांबे तपासायचे कसे. फॉर्म चालू असताना सेव्हच्या आधी ब्रेकपॉइंट टाका आणि गेटफील्डस्टेट(-१, "ओळी") विचारा. आकड्यांची एक पट्टी मिळते. समजा टेबलला चार फील्ड आहेत आणि पट्टी आली ११२११. पहिला आकडा डिलीट मार्कचा, पुढचे चार एकेका फील्डचे, म्हणजे इथे दुसरं फील्ड बदललंय, बाकी तसंच. १ म्हणजे हात लावलेला नाही, २ म्हणजे बदललेलं, ३ म्हणजे नव्या रेकॉर्डमधलं न भरलेलं, ४ म्हणजे नव्या रेकॉर्डमधलं भरलेलं. एवढं लक्षात ठेवा की रिप्लेसने तीच जुनी व्हॅल्यू परत टाकली तरी २ येतो. टेबल बफरिंगमध्ये बदललेली सगळी रेकॉर्डं हवी असतील तर गेटनेक्स्टमॉडिफाइड ० पासून सुरू करून ० परत येईपर्यंत फिरवा, नव्या रेकॉर्डांचे नंबर उणे येतात, घाबरू नका.

पट्टीत सगळे १ आले आणि स्क्रीनवर तर नवा आकडा दिसतोय? मग आकडा बफरपर्यंत पोचलेलाच नाही, पहिल्याच थांब्यावर अडकलाय. याचं ठरलेलं कारण म्हणजे सेव्हचं बटण टूलबारवर आहे, किंवा कंट्रोल-एस मेनूमधून चालतंय. टूलबार फोकस घेत नाही, मेनूही नाही, त्यामुळे युजर ज्या टेक्स्टबॉक्समध्ये टाइप करत होता त्यातून तो बाहेर पडलेलाच नसतो, व्हॅलिड चाललेलं नसतं, लॉस्टफोकस चाललेलं नसतं, आणि व्हॅल्यू कंट्रोलसोर्समध्ये, म्हणजे त्याला जोडलेल्या फील्डमध्ये, उतरलेली नसते. "शेवटी भरलेलं एकच फील्ड सेव्ह होत नाही, बाकी सगळं होतं" अशी तक्रार आली की मी कोड उघडायच्याही आधी विचारतो, टूलबारवरून सेव्ह करता का. उपाय साधा, सेव्हच्या सुरुवातीला फॉर्मच्या ॲक्टिव्हकंट्रोलवरच सेटफोकस करा, तेवढ्याने व्हॅल्यू खाली उतरते. ग्रिड असेल तर फोकस दुसऱ्या कुठल्या तरी कंट्रोलवर नेऊन परत आणणं जास्त भरवशाचं. डॉट नेटवाल्यांना हेच एंडएडिट न बोलावल्यामुळे होतं, तिथे आणखी एक मजा म्हणजे डेटाॲडॉप्टरच्या अपडेटच्या आधीच कुणी ॲक्सेप्टचेंजेस मारून ठेवतं, मग सगळ्या ओळी "न बदललेल्या" ठरतात आणि अपडेट निमूटपणे ० परत देतं.

पट्टीत १ यायचं दुसरं कारण जास्त चावट आहे. रिप्लेस बिल.एकूण विथ रक्कम, अशी ओळ, दिसायला निर्दोष, एलियास लिहिलाय, मग चूक कुठे? रिप्लेसचा स्कोप चालू वर्क एरियाचा असतो. निवडलेलं टेबल दुसरंच असेल आणि त्याचा पॉइंटर शेवटाच्या पलीकडे गेलेला असेल, समजा नुकताच स्कॅन संपलाय आणि ओळींचं टेबल निवडलेलं आहे, तर रिप्लेस काहीही करत नाही, एररही देत नाही. ओळींची बेरीज करायची आणि लगेच हेडरमध्ये टाकायची, हा तर रोजचाच कोड आहे, आणि स्कॅन संपल्यावर पॉइंटर बरोबर त्याच जागी उभा असतो! शेवटी इन "बिल" जोडा, विषय संपला.

व्ह्यू वापरणाऱ्यांसाठी एक वेगळा थांबा आहे. लोकल व्ह्यूवर टेबलअपडेट केलं की बदल बेस टेबलकडे जातो, पण त्याच डेटा सेशनमध्ये ते बेस टेबल कुणी बफरिंग लावून उघडून ठेवलं असेल तर बदल त्या बफरमध्ये जाऊन बसतो. ट्रू आलं, स्क्रीनवरच्या व्ह्यूमध्ये नवाच आकडा दिसतो, डिस्कवर मात्र काही नाही, आणि फॉर्म बंद झाला की गेलं. एकतर बेस टेबलचं बफरिंग काढून टाका, नाहीतर व्ह्यूनंतर बेस टेबलवरही टेबलअपडेट करा. मी काढूनच टाकतो.

१५८५, अपडेट कॉन्फ्लिक्ट, याबद्दल जरा सविस्तर, कारण इथे लोक सगळ्यात वाईट उपाय करतात. एररचा मजकूरच सांगतो की लफोर्स (टेबलअपडेटचा दुसरा पॅरामीटर, दुसऱ्याचा बदल पुसून आपलाच लिहायचा) ट्रू द्या किंवा टेबलरिव्हर्ट म्हणजे बफरमधले बदल रद्द करा, मग काय, सगळीकडे दुसरा पॅरामीटर ट्रू करून टाकतात आणि एरर बंद. एकदा एकट्याच मशीनवर, दुसरा कुणी युजर नसताना, हा एरर यायला लागला. स्टॉकचं फील्ड होतं. ओल्डव्हॅल विचारलं तर ४०, म्हणजे युजरने एडिट सुरू केलं तेव्हाचा आकडा. कर्व्हॅल विचारलं तर ३८, म्हणजे डिस्कवर आत्ता असलेला. स्क्रीनवर ४२, युजरने भरलेला. मग ३८ कुणी केलं? त्याच फॉर्ममधल्या एका मेथडने तेच टेबल यूज अगेनने दुसऱ्या एलियासखाली उघडून दोन नग वजा केले होते आणि सेव्हही केले होते. म्हणजे फॉर्मचं भांडण स्वतःशीच चाललं होतं. लफोर्स दिला असता तर ४२ बसले असते, ते दोन नग हवेत विरले असते आणि महिनाअखेरीला स्टॉक जुळत नाही म्हणून कुणीतरी रात्र काढली असती. बेरीज-वजाबाकीच्या फील्डला लफोर्स नकोच, कर्व्हॅल घ्या, त्यावर फरक लावा आणि मग लिहा. पत्ता किंवा शेरा अशा फील्डला शेवटचा लिहिणारा जिंकला तरी चालतं, तिथे मी युजरला दोन्ही व्हॅल्यू दाखवून विचारतो. रिमोट व्ह्यू असेल तर कर्व्हॅलच्या आधी रिफ्रेश() लागतं, नाहीतर ते जुनंच सांगतं.

१८८४ थोडक्यात. कोड डिलीट करून तोच कोड परत टाकला की "युनिकनेस ऑफ इंडेक्स" चा हा एरर येतो, कारण डिलीट केलेलं रेकॉर्ड पॅक कमांडने कायमचं काढून टाकेपर्यंत टेबलमध्ये आणि इंडेक्समध्येही असतंच, फक्त दिसत नाही. प्रायमरी किंवा कँडिडेट इंडेक्सला फॉर नॉट डिलीटेड() असा फिल्टर लावा. आणि रेफरेन्शियल इंटिग्रिटीचे (बिलाशिवाय ओळी राहू न देणारे) ट्रिगर असतील तर क्रम सांभाळा, नवं टाकताना आधी बिल मग ओळी, काढताना आधी ओळी मग बिल, उलटं केलं की १५३९.

मागे एसक्यूएल सर्व्हर असेल तर वेगळाच तमाशा. एसक्यूएलएक्झेकने सर्व्हरवरून आणलेला कर्सर एडिट होतो, टेबलअपडेट ट्रू देतं, आणि सर्व्हरवर शून्य बदल, कारण सेंडअपडेट्स ही प्रॉपर्टी मुळात फॉल्स असते. ती ट्रू करायची, आणि त्याआधी टेबल्स, कीफील्डलिस्ट, अपडेटेबलफील्डलिस्ट, अपडेटनेमलिस्ट या चारही नीट भरायच्या, यातलं एक फील्ड जरी अपडेटेबल यादीत राहून गेलं तर तेवढंच एक सर्व्हरवर जात नाही, बाकी सगळं जातं, आणि शोधायला दिवस जातो. आणि खोटे १५८५ इथे भरपूर येतात. टेबलवर ट्रिगर असेल आणि त्यात सेट नोकाउंट ऑन नसेल तर ट्रिगरच्या आतल्या कमांडने किती ओळी बदलल्या त्याचाही आकडा परत येतो, आणि फॉक्सप्रोला वाटतं हिशोब चुकला, कॉन्फ्लिक्ट. तारीख-वेळेचं फील्डही असंच, सर्व्हरचं डेटटाइम सेकंदाच्या १/३०० भागापर्यंत जातं, फॉक्सप्रोमध्ये तेवढं बारीक टिकत नाही, मग जुनी व्हॅल्यू जुळत नाही. टक्कर ओळखायला काय जुळवायचं ते ठरवणारा व्हेअरटाइप मुळात ३ असतो, म्हणजे की आणि बदललेली फील्डं जुळवून बघतो. १ केला की फक्त की बघतो, एरर थांबतात पण खरी टक्करही कळत नाही. टेबलमध्ये टाइमस्टॅम्पचा कॉलम टाकून ४ वापरणं हा माझ्या मते बरा मार्ग.

आणि आता ज्याने मला सगळ्यात जास्त छळलं ते. एका ठिकाणी तक्रार अशी की दिवसभराच्या एंट्र्या संध्याकाळी ॲप्लिकेशन बंद करून सकाळी उघडलं की नसतात, पण रोज नाही, महिन्यातून एखाद्या वेळी. दिवसभर त्या दिसत असतात, त्या मशीनवरून प्रिंटही निघालेल्या असतात, म्हणजे हातात कागद आहे आणि टेबलमध्ये काही नाही. दुसरी तक्रार, जी मी वेगळी समजत होतो, ती म्हणजे अधूनमधून बाकीच्या मशीनवर १०९ येतो, रेकॉर्ड दुसरा युजर वापरतोय म्हणून, आणि ते लोक सेव्ह करूच शकत नाहीत. दोन्ही तक्रारी एकाच दिवशी येतात हे लक्षात यायला मला लाजिरवाणा वेळ लागला. कोड असा होता:

बिगिन ट्रान्झॅक्शन
इफ नॉट टेबलअपडेट(१, .एफ., "बिल")
    मेसेजबॉक्स("सेव्ह झालं नाही, नंबर तपासा")
    रिटर्न .एफ.
एंडइफ
टेबलअपडेट(१, .एफ., "ओळी")
एंड ट्रान्झॅक्शन

दिसलं का? बिल नंबर डुप्लिकेट झाला की मधूनच रिटर्न, रोलबॅक (ट्रान्झॅक्शन मागे फिरवणं) नाही, ट्रान्झॅक्शन उघडंच. युजरने नंबर दुरुस्त करून परत सेव्ह केलं, आता बिगिनने दुसरी पातळी उघडली, सगळं व्यवस्थित झालं, एंडने दुसरी पातळी बंद केली, पण डिस्कवर जातं ते सगळ्यात बाहेरची पातळी बंद झाल्यावर, आणि ती तर सकाळीच उघडी राहिलेली. त्यानंतरचं प्रत्येक बिल त्या उघड्या ट्रान्झॅक्शनच्या पोटात. त्या मशीनला स्वतःचं सगळं दिसतं म्हणून प्रिंट निघतात, लॉक धरून ठेवलेले असतात म्हणून बाकीचे अडकतात, आणि ॲप्लिकेशन बंद करताना फॉक्सप्रो अर्धवट ट्रान्झॅक्शन मागे फिरवतो. पातळ्या पाचपर्यंतच चालतात, त्यामुळे एकाच दिवशी पाच वेळा नंबर चुकला असता तर सहाव्या बिगिनला एरर आला असता आणि मला आधीच कळलं असतं, पण युजर तेवढे वेंधळे नव्हते.

आता आमच्याकडे सेव्हला एकच बाहेर पडायचा दरवाजा असतो. दोन्ही टेबलअपडेटचा निकाल एका व्हेरिएबलमध्ये, फॉल्स आलं तर आधी एएरर, मग रोलबॅक, आणि मेसेजबॉक्स रोलबॅकच्या नंतर, कारण आधी दाखवला आणि युजर जागेवरून उठून गेला तर तो परत येईपर्यंत सगळ्यांचे लॉक अडकतात. रोलबॅकने टेबलमधलं मागे जातं, बफर साफ होत नाही, ते बरंच आहे, युजर दुरुस्त करून परत सेव्ह करू शकतो, सोडूनच द्यायचं असेल तर टेबलरिव्हर्ट(.टी., "ओळी") वेगळं करावं लागतं. आणि टीएक्सएनलेव्हल() नावाचं फंक्शन आहे, किती पातळ्या उघड्या आहेत ते सांगतं, ते मी फॉर्मच्या खालच्या पट्टीत छोट्या अक्षरात कायम दाखवतो. सेव्ह झाल्यावर तिथे ० नसेल तर लगेच फोन करा असं युजरना सांगून ठेवलंय. फ्री टेबलवर, म्हणजे डीबीसीत (फॉक्सप्रोच्या डेटाबेस फाइलमध्ये) नसलेल्या टेबलवर, मात्र ट्रान्झॅक्शनचा काही परिणाम होत नाही, व्हर्जन ९ मध्ये मेकट्रान्झॅक्टेबल() आलं तेव्हा तीही सोय झाली, त्याआधी टेबल डीबीसीमध्येच हवं.

एवढं सगळं बरोबर झालं आणि सेव्हच्या लगेच पुढे "रेकॉर्ड इज आउट ऑफ रेंज" आला, एरर नंबर ५, तर बफरवर संशय घेऊ नका. सेव्हच्या आधी तुम्ही रेकनो(), म्हणजे रेकॉर्डचा नंबर, जपून ठेवलेला असतो, नव्या रेकॉर्डचा तो उणे असतो, समजा उणे ३, आणि सेव्ह झाल्यावर त्याला खरा नंबर मिळतो, मग गो उणे ३ म्हटलं की ते रेकॉर्डच नसतं. रेकनो जपायचा नाही, प्रायमरी कीची व्हॅल्यू जपायची आणि सेव्हनंतर त्यावर सीक करायचं.